साडेपाचची फेरी

१

वेधशाळेतला पितळी गोल चोरीला गेला, आणि तोही कुलूपबंद खोलीतून. हातभर रुंदीचा, अंगावर सगळे तारे कोरलेला गोळा म्हणजे काय खिशात घालून न्यायची वस्तू आहे? पण शनिवारी सकाळी आठ वाजता उपकरणखोली उघडली तेव्हा तिवईवरचं कडं रिकामं होतं, एवढं खरं.

दार मामांनी उघडलं. मामा म्हणजे तिथले पहारेकरी, तीस वर्षांपासूनचे. बरोबर संचालक होते, काखेत नकाशांची मोठी पुठ्ठ्याची फाईल घेऊन. "मामा, आधी त्या टोकाच्या खिडक्या उघडा बरं, केवढं कोंदट झालंय," म्हणाले आणि पुढे झाले. मामा दुसऱ्या खिडकीपाशी पोचतायत न पोचतायत तोच मागून आरोळी आली, "गोल कुठाय? मामा, गोल कुठाय?"

व्हरांड्यात उभी असलेली मोजणीबाई धावत आत आली. इमारतीची दुरुस्ती निघाली होती आणि त्याआधी सगळ्या खोल्यांचं माप घ्यायला तिला आठवड्यासाठी बोलावलं होतं. टेप धरून मापं घ्यायचे दिवस तिने केव्हाच मागे टाकले होते. फोन हातात धरून खोलीतून सावकाश चालायचं आणि त्या फिल्मवरून संगणकात खोली जशीच्या तशी उभी करायची, हा तिचा धंदा. मामा जगाचे मामा असले तरी तिचे मात्र खरेखुरे, आईचे सख्खे भाऊ. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मामा वेणी घालायला शिकले ते तेव्हा.

इन्स्पेक्टर आला तो चिडलेलाच आला. पण माणूस हुशार होता, तासाभरात त्याने गणित मांडलं. खिडक्यांना गज. दुरुस्तीसाठी त्या बाजूची वीज तोडलेली, म्हणून भिंतीवरचे कॅमेरे आठवडाभर बंद. दाराला एकच किल्ली, ती मामांच्या गळ्यात. संचालक शुक्रवारी पाचलाच निघून दुसऱ्या गावच्या समारंभाला गेले होते, शंभर माणसांत, आणि आज सकाळीच परतले होते. राहता राहिले मामा.

"मामा, तो कालचा उंबरठ्यावरचा फोटो दाखवा ना साहेबांना," संचालक म्हणाले. "खोली बंद करताना गोल होता की नाही ते कळेल."

"फोटो नाही साहेब. आता फिल्म असते."

"फिल्म?" संचालक म्हणाले. "तेच ते. दाखवा."

फिल्म मामांच्या फोनवर होती. साडेपाचच्या शेवटच्या फेरीत मामा खोलीतून चालत गेले होते, खिडक्यांच्या कड्या एकेक तपासल्या होत्या, आणि चौकटीच्या कडेला गोल दिसत होता. जागच्या जागी.

"झालं तर मग," इन्स्पेक्टर म्हणाला. "साडेपाचला गोल होता. मामांनी कुलूप लावलं, मामांनी काढलं, आणि गोल नाही. पाच वाजेपर्यंत मी इथे जबाब घेतोय. पाचला मामांना घेऊन जाणार. कुणाला काही सांगायचं असेल तर त्याआधी सांगा."

मोजणीबाईने मामांकडे पाहिलं. मामा खाली मान घालून उभे होते.

२

तिने ती फिल्म आपल्या संगणकात घेतली. काय शोधायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. रडत बसण्यापेक्षा हाताला काम बरं, एवढंच.

तिचं काम तसं अगदी सोपं. एक डोळा मिटून मान इकडून तिकडे हलवा. जवळचा खांब भरकन सरकतो, लांबचं झाड जवळजवळ जागचं हलत नाही. कोण किती सरकलं ते पाहिलं की कोण किती लांब आहे ते काढता येतं. संगणक तेच करतो, फक्त एका खांबावर थांबत नाही, हजारो ठिपके धरतो. चालणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिलेलं सगळं मग तीन बाजूंनी उभं राहतं, त्याला फिरवून कुठूनही बघता येतं.

चकचकीत वस्तूंपुढे मात्र हा शहाणा हात टेकतो. पितळेवरची चकाकी बघणाऱ्याबरोबर चालते, तुम्ही सरकलात की तीही सरकते. मग ठिपके जुळत नाहीत. मंगळवारी आणि बुधवारी तिने स्वतः या खोलीची फिल्म घेतली होती, त्यात गोल उंदराने कुरतडलेल्या चेंडूसारखा आला होता. तिने वैतागून तो तसाच सोडून दिला होता.

अर्ध्या तासाने शुक्रवारची खोली पडद्यावर उभी राहिली. खिडक्या, कपाटं, तिवई. आणि गोल. स्वच्छ, पुरा, एकही भोक नसलेला.

"वा!" असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि मग हात थांबला. वा कसलं? हा एवढा चांगला आला कसा?

तिने पडद्यावरची खोली हळूहळू फिरवली आणि गोलाकडे बाजूने पाहिलं.

गोल नव्हताच तो. ताट होतं. तिवईचे पाय पुढेमागे होते, कड्याला जाडी होती, आणि कड्यात उभं केलेलं होतं एक सपाट चकतं. त्यावरची चकाकी जागची हलत नव्हती, कारण ती छापलेली होती. कुणीतरी गोलाचा मूळ आकारातला फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून कापून कड्यात बसवला होता. फिल्म बघताना कळलं नाही ते साहजिक होतं. फोन मामांच्या छातीवर पट्ट्याने बांधलेला, रोख खिडक्यांकडे, गोल कडेला सहा-सात सेकंद. आणि फोनच्या रुंद भिंगात कडेची गोल वस्तू ताणलेली दिसतेच.

म्हणजे साडेपाचच्या आधीच गोल गेलेला होता! ती ताडकन उठली, इन्स्पेक्टरकडे धावणार, तेवढ्यात दारातच थबकली. कॅमेऱ्याचं सोडा. चार पावलांवरून गेलेल्या मामाला ते कसं दिसलं नाही?

३

मामा पहारेकऱ्याच्या खोलीत बाकावर बसले होते. दाराशी शिपाई होता. मोजणीबाईने त्याला दोन मिनिटं मागितली आणि दार लोटलं.

"मामा, काल फेरीत गोलाकडे बघितलंस?"

"रोज बघतो."

"काय दिसलं?"

"काय दिसणार? गोल."

 टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून तिने त्यांच्यासमोर धरला. "माझ्या हातात काय आहे?"

"फोन," मामा लगेच म्हणाले. तिच्या हातात एरवी फोनच असायचा.

तिने पेला खाली ठेवला. काचेचा आवाज झाला तसा मामांचा चेहरा पडला.

"कधीपासून?"

"दीड वर्ष होईल. मधलं गेलंय गं, चिमे. कडेचं जरासं कळतं. डॉक्टर म्हणाले, आता काही होण्यासारखं नाही." मग एकदम भांडल्यासारखे म्हणाले, "पण एक कडी उघडी राहिली का सांग! दारापासून पहिली खिडकी नऊ पावलं, मग चार, मग चार. कपाट डावीकडे. प्रत्येक कडीला हात लावून बघतो मी. डोळस माणूस लावतो का?"

"मामा, काल कड्यात गोल नव्हताच, नुसता छापलेला कागद होता, आणि तुला चोर ठरवतायत ते!"

"ठरवू देत. मी चोर नाही हे मला ठाऊक आहे, ते कधी ना कधी कळेल. पण तीस वर्षांचा पहारेकरी आणि त्याच्या नाकासमोर कागद लावला तरी कळलं नाही, असं झालं तर तोंड कुठे दाखवू? लोक पोट धरून हसतील." त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला. "हे कुणाला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ."

"असली शपथ घालू नकोस."

"घातली."

तिला त्यांचा राग आला, खूप आला. आणि रागाच्याही वर रडू आलं. पण त्या माणसाने कधी काही मागितलं नव्हतं. तिने "बरं" म्हटलं आणि बाहेर पडली. घड्याळात साडेबारा वाजले होते.

४

मामांना त्या चकत्याची गरज काय? किल्ली गळ्यात, सबंध रात्र हातात. ज्याला साडेपाचनंतर आपण दूर होतो हे दाखवायचं होतं, त्यालाच साडेपाचला गोल जागेवर दिसायला हवा होता.

तिने पडद्यावरच्या चकत्याच्या मध्यातून सरळ समोर एक रेघ काढली. रेघ खोली ओलांडून गेली आणि थेट उंबरठ्याच्या मधोमध जाऊन टेकली. चकतं उंबरठ्यावरून बघणाऱ्यासाठी बसवलेलं होतं. तिथून ते अगदी गोल दिसलं असतं, एक पाऊल बाजूला गेलं की पितळ उघडं पडलं असतं.

उंबरठा कशाला? कारण वर्षानुवर्षं मामा खिडक्या चारलाच लावून घेत आणि साडेपाचला आत न जाता उंबरठ्यावरूनच एक फोटो काढून दार लावत. या सोमवारी तिनेच त्यांना सांगितलं होतं, "मामा, फोटो कसला काढतोस, चालत फिल्म घे. मलाही मापाला होईल." पद्धत बदलल्याचं चोराला ठाऊक नव्हतं. कुणाकुणाला ठाऊक होतं?

ग्रंथपालबाईंना विचारायचीही गरज पडली नाही. त्या आधीच तापलेल्या होत्या. "त्या मामांचं मला काही सांगू नका! पुसलेल्या फरशीवरून रोज संध्याकाळी बूट घालून गस्त! मंगळवारीच चांगलं झापलं मी त्यांना." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण चोर नाहीत हो ते. आणि चोरी व्हायची ती आजच? अकरा वाजता तो तज्ज्ञ येणार होता, गोल तपासायला. गोल एकसंध ओतलेला आहे, आपल्या संस्थापकांनी इथेच ओतलाय, असं साहेबांचं पुस्तक आहे ना? तो म्हणत होता, दोन अर्धे जोडलेत, बाजारी काम आहे. चोरीचं कळल्यावर परस्पर फोन करून त्याला नको म्हटलं साहेबांनी."

"काल खोलीत कोण गेलं होतं?"

"दिवसा ती उघडीच असते, माझ्या टेबलासमोर. पण मी साडेचार ते पाच चहाला जाते. तेव्हाचं मला काय ठाऊक? हां, दुपारी नकाशांचं मोठं छपाईयंत्र घरघरत होतं. कोण छापत होतं, देव जाणे."

छपाई म्हटल्यावर ती फोटोवाल्याकडे गेली. वेधशाळेचे सगळे फोटो तोच काढायचा, गोलाचेही त्यानेच काढले होते. तिला पाहताच तो घाबरला.

"माझ्यावर संशय आहे होय? ताई, गोलाचे फोटो कार्यालयाच्या संगणकात आहेत, कुणीही घ्यावे. आणि मामांच्या फोनला छातीवर बांधायचा पट्टा सोमवारी मीच शिवून दिला. विचारा त्यांना! हात मोकळे हवेत म्हणाले, कड्यांना लावायला."

ती पायरीवर बसली. ग्रंथपालबाईंना फेरी ठाऊक होती. फोटोवाल्याने तर त्या फेरीसाठी पट्टा शिवून दिला होता. मामा रोज चालत जातात हे ठाऊक असलेला माणूस उंबरठ्यासाठी चकतं कशाला बसवील? सोमवारपासून गुरुवारपर्यंत बाहेरगावी होते ते एकटे संचालक. शुक्रवारी दुपारी आले. आणि आज सकाळी, कुणी काही विचारायच्या आत, 'उंबरठ्यावरचा फोटो' त्यांनीच मागितला होता.

पटलं. पण पटून काय उपयोग? इन्स्पेक्टर म्हणणार, गोल दाखवा. फाटकावर सगळ्यांच्या पिशव्या, गाड्या तपासतात. गोल बाहेर गेलेला नव्हता.

५

संचालकांची खोली उपकरणखोलीला लागूनच होती. दोन वाजता ते इन्स्पेक्टरपाशी जबाब द्यायला बसले आणि मोजणीबाई फोन घेऊन त्यांच्या खोलीत शिरली. ही खोली तिने बुधवारी मोजली होती, त्यांच्या माघारी. आता तीच वाट, तीच चाल. दारापासून टेबल, टेबलाला वळसा, पुस्तकांच्या कपाटावरून, कोपऱ्यातल्या लाकडी चौथऱ्यावरून. चौथऱ्यावर संस्थापकांचा प्लास्टरचा अर्धपुतळा होता. घाई करून चालणार नव्हतं. फिल्म धूसर आली तर सगळंच मुसळ केरात.

"मॅडम?"

संचालक दारात उभे होते.

"माझी खोली बुधवारीच झाली ना मोजून?"

"छताचा एक कोपरा राहिला होता, सर."

"असं?" ते आत आले. खुर्चीत न बसता सरळ चौथऱ्यापाशी गेले आणि त्याला टेकून उभे राहिले. "मामांचं ऐकून वाईट वाटलं. तुमचे कुणी लागतात म्हणे. पण भाचीने काही म्हटलं तर ते कोण मानणार, हेही बघा. उगाच तुमचं नाव खराब व्हायचं."

"हो सर." तिने फोन छताकडे केला, दोन पावलं चालली, आणि बाहेर पडली. व्हरांड्यात आल्याआल्या तिने संगणक उघडला.

बुधवारची खोली आणि आजची खोली. कॅमेऱ्याला आकार कळतो, लांबी कळत नाही, खेळण्यातलं घर आणि राहतं घर त्याला सारखंच. म्हणून तिने दोन्हीकडे दाराची मोजलेली उंची धरली आणि एकीवर दुसरी बसवली. जे जागचं हललं नव्हतं ते राखाडी राहिलं, जे हललं ते लाल झालं. खुर्ची लाल. टेबलावरचे कागद लाल. आणि कोपऱ्यातला चौथरा, पुतळ्यासकट, वरपासून खालपर्यंत लाल. भिंतीपासून चार बोटं पुढे आला होता.

हे जुळवेपर्यंत पाचला दहा मिनिटं उरली होती.

६

इन्स्पेक्टरने तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा खरंच एक डोळा मिटून त्याने मान हलवून पाहिली. मग तो उठला, सगळ्यांना संचालकांच्या खोलीत घेऊन गेला, आणि दोन शिपायांनी पुतळा उतरवून चौथरा आडवा केला. आतून तो पोकळ होता. जुन्या पडद्यात गुंडाळलेला गोल घरंगळून बाहेर आला.

पडदा सुटला. गोलाच्या मध्यावरून पातळ डागाची रेघ गेली होती, दोन अर्ध्यांच्या जोडाची. एका जागी, जोड आहे का हे बघायला, झिलई खरवडलेली होती. ग्रंथपालबाईंनी ती पाहिली आणि तोंडावर हात ठेवला.

संचालक मात्र ढिम्म हलले नाहीत.

"माझ्या खोलीत सापडला, म्हणून मी चोर? सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मामांकडे असतात. त्यांनीच ठेवला. आणि ते चकतंही त्यांचंच. इन्स्पेक्टर, तुम्हीच सांगा. तुमचा एखादा हवालदार गोलापासून चार पावलांवरून गेला तर त्याला पितळ आणि पुठ्ठा ओळखू येणार नाही? मामा गप्प राहिले, कारण मामा सामील होते. नसतील, तर या बाईंनी सांगावं, मामांना दिसलं कसं नाही?"

इन्स्पेक्टर तिच्याकडे वळला. "बोला. हा प्रश्न माझ्याही मनात आहे."

उत्तर तिच्या जिभेवर होतं. तिने मामांकडे पाहिलं. मामा भिंतीला पाठ लावून उभे होते, मान ताठ, तोंड घट्ट मिटलेलं. तिने ओठ उघडले, पुन्हा मिटले. डोळे भरून आले. बाहेर कुठेतरी पाचाचे ठोके पडायला लागले.

"नाही ना सांगता येत?" संचालक म्हणाले. "मला वाटलंच."

"मला दिसत नाही," मामा म्हणाले.



"दीड वर्ष झालं. समोरचं काही दिसत नाही मला. गोल असो, कागद असो, तुमचं तोंड असो साहेब, सगळं एकच. आवाजावरून चालवतो. पोरीला ठाऊक होतं, मी शपथ घालून तिचं तोंड बांधलं." मग तिच्या दिशेला वळून चिडून म्हणाले, "आणि तू काय गं, वेडी का खुळी? शपथ मोडायची ना! पाच वाजले की!"

इन्स्पेक्टरने संचालकांच्या टेबलावरचा कागद उचलला आणि मामांच्या तोंडासमोर धरला. मामांची नजर त्याच्यावर थांबली नाही, की हलली नाही.

"साहेब," इन्स्पेक्टर संचालकांना म्हणाला, "ज्याला पितळ दिसत नाही तो माणूस त्याचा फोटो शोधून, छापून, उंबरठ्याच्या रेषेत नेमका बसवील? आणि सकाळी मामांना खिडक्यांकडे धाडून खोलीत तुम्ही एकटेच गोलापाशी होतात. ती मोठी फाईल कुठे आहे?"

संचालकांनी खुर्ची ओढली आणि बसले. "तीस वर्षांचं काम आहे माझं," ते म्हणाले. "मी गोल विकणार नव्हतो. त्या तज्ज्ञाने त्याला हात लावू नये, एवढंच." फाईल कपाटामागे निघाली. चकतं त्यातच होतं. फाडायला वेळ मिळाला नव्हता.

फोटो, ठसे, पंचनामा सगळं उरकायला तासभर गेला. संचालकांना नेलं. ग्रंथपालबाई मामांपाशी येऊन म्हणाल्या, "त्या फरशीबद्दल मी फार बोलले हो." मामांनी हसून मान हलवली, गळ्यातली किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली. कुणीही हसलं नाही, कुणी पोट धरलं नाही. पण किल्ली गेल्यावर मामांचा हात दोनदा गळ्याशी गेला, आणि मोजणीबाईला ते बघवलं नाही.

"चल मामा, घरी जाऊ."

"थांब जरा." त्यांनी घसा खाकरला. "साहेब, एक विचारू? तीस वर्षं राखला मी तो गोल. हात लावायची परवानगी नसते आम्हाला. दिसत होतं तेव्हाही दोरीच्या अलीकडूनच पाहिला."

इन्स्पेक्टर म्हणाला, "पुराव्याची वस्तू आहे, मामा." मग त्याने शिपायाला हाक मारली, काहीतरी काम सांगितलं आणि त्याच्यामागोमाग स्वतःही बाहेर गेला.

मोजणीबाईने मामांचा हात धरून गोलावर ठेवला. आधी त्यांनी नुसताच तळवा टेकला. मग बोटं चालू लागली, सावकाश, कड्या तपासताना चालायची तशी. कोरलेल्या रेघांवरून जात, ठिपक्यांवर थांबत. एका जागी ती पुन्हा पुन्हा मागे आली.

"चार, आणि हे तीन शेपटीचे," मामा म्हणाले. "सात ऋषी ना गं हे?"

"हो मामा."

"केवढे लांब लांब आहेत की," ते म्हणाले, आणि पुढच्या ताऱ्याकडे निघाले.